माळ्यावरचा कमोडोर ६४ पुन्हा सुरू करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: घर आवरताना वडिलांचा कमोडोर ६४ हा जुना होम कॉम्प्युटर सापडला. सोबत त्याचा मूळ पॉवर सप्लाय, कॅसेट चालवायचा डेटासेट, एक जॉयस्टिक आणि पिशवीभर कॅसेटी. काहींवर छापील नावं आहेत, काही कोऱ्या. लहानपणीचे गेम लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून पाहिले, पण ‘ती मजा आली नाही’. मग खरं यंत्र सुरू करावं का? करायचं तर काय जपावं? आणि मजा आली नाही ती आपण मोठे झालो म्हणून, की त्याला दुसरं काही कारण आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मी बरीच वर्षं त्या काळातले होम कॉम्प्युटर दुरुस्त करतो आहे, आणि ‘बालपण गेलं, मजाही गेली’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. लॅपटॉपवर तुम्ही चालवलात तो त्या गेमचा फक्त प्रोग्राम. गेमचा उरलेला भाग पिक्चर ट्यूबमध्ये, आवाजाच्या चिपमध्ये आणि जॉयस्टिकच्या खटक्यात होता. लिहिणाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब धरूनच तो लिहिला होता. त्यातला बराचसा भाग परत मिळवता येतो. खऱ्या यंत्रावर तर येतोच, पण लॅपटॉपवरसुद्धा येतो.

त्याआधी एक कळकळीची विनंती. तो मूळ पॉवर सप्लाय लावून यंत्र सुरू करू नका. ‘चालतंय का एवढंच बघू’ म्हणूनही नाही.

कमोडोर ६४च्या पॉवर सप्लायमधून दोन प्रकारची वीज बाहेर येते: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर त्या जड ठोकळ्यात इपॉक्सीने कायमचा बंद केलेला असतो. उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, उघडून दुरुस्त करायची सोय नाही. असा रेग्युलेटर म्हातारा झाला की अनेकदा व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढतं. आणि ते ५ व्होल्ट थेट मेमरीच्या चिपना जातात, मध्ये कुठलंही संरक्षण नाही. ६ व्होल्टच्या पुढे गेलं की रॅम जाते, पाठोपाठ इतर चिपही. मीटर लावून ५.१ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. अर्ध्या तासाने ठोकळा तापल्यावर तेच व्होल्टेज चढू शकतं. आजच्या घटकांनी बनवलेला नवा सप्लाय मिळतो, तो घ्या. निदान मूळ सप्लाय आणि यंत्र यांच्यामध्ये व्होल्टेज चढताच वीज तोडणारं छोटं सर्किट तरी लावा. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर जोडून काम भागत नाही, कारण ९ व्होल्ट एसीवर यंत्रातल्या बऱ्याच गोष्टी चालतात: डेटासेटची मोटर, वेळ मोजणाऱ्या घड्याळाचे ठोके, आणि जुन्या बोर्डांवर चित्राच्या व आवाजाच्या चिपला लागणारे १२ व्होल्ट.

दुसऱ्या एखाद्या कंपनीचं यंत्र हाती लागलं असतं तर धोका वेगळ्या जागी असता. झेडएक्स स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. आज घरात पडलेले बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे असतात. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन लाइनवर बसवलेले पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर तडकलेले असतात आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत उग्र वासाचा धूर सोडतात. अमिगा ५०० प्लसमध्ये बोर्डावर सोल्डर केलेली बॅटरी गळते आणि आसपासचे ट्रॅक खाऊन टाकते. म्हणून जुनं यंत्र कुठलंही असो, प्लग हातात घेण्याआधी ते उघडून बघायचं.

तुमचा कमोडोर उघडल्यावर धूळ झटका, गंज दिसतो का बघा, सॉकेटमधल्या चिप हलक्या हाताने थोड्या उचलून पुन्हा बसवा. कपॅसिटर सरसकट बदलायची घाई करू नका. कमोडोर ६४च्या बोर्डावरचे कपॅसिटर बहुधा ठीक असतात, आणि सोल्डरिंगचा सराव नसलेल्या हाताने वीस-पंचवीस सुटे भाग काढले की चांगल्या बोर्डाचे ट्रॅक उखडतात. खराब झाल्याची खूण असेल तोच भाग बदला.

चांगली वीज मिळाल्यावर पडद्यावर निळ्या चौकटीत ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ असं दिसलं, तर आनंदाची गोष्ट आहे. ही नुसती शोभेची ओळ नाही. सुरू होताना यंत्र मेमरी एकेक बाइट तपासत वर जातं आणि जिथे अडखळतं तिथे मेमरी संपली असं मानतं. आकडा कमी दिसला, तर रॅमच्या दोषाचा पत्ता यंत्राने स्वतःच सांगितला. पडदा पूर्ण काळा राहिला, तर संशय पीएलए नावाच्या चिपवर किंवा रॅमवर घ्यायचा. पीएलए म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या चिपने बोलायचं हे ठरवणारी चिप. ती मुळातच गरम चालते आणि लवकर जाते. जुन्या बोर्डांवर रॅमच्या ८ चिप असतात. यंत्र मिनिटभर चालवून त्यांना बोट लावून बघा. एखादी इतरांपेक्षा फार गरम लागली तर बहुतेक तीच दोषी. अक्षरं तुटकी, विचित्र दिसली तर अक्षरांची रॉम तपासा. कीबोर्डची काही बटणं आणि जॉयस्टिक एकत्रच बंद असतील तर सीआयए चिपकडे वळा, कारण दोन्ही कामं ती एकटीच करते. जॉयस्टिकचा पोर्ट या चिपला जवळजवळ थेट जोडलेला आहे, त्यामुळे अंगातली स्थिर वीज पिनांना लागली तरी ती मरू शकते. यंत्र चालू असताना जॉयस्टिक काढू-घालू नका, पिनांना बोट लावू नका.

प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर ते राहू द्या असं माझं मत आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून ते उजळता येतं, पण ठिपके आणि पट्टे पडण्याचा धोका असतो, आणि काही वर्षांत पिवळेपणा बऱ्याचदा परततो.

आता मजेकडे येऊ.

कमोडोर ६४ १९८२ साली बाजारात आला. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १० लाख ठोके टाकणारा. एवढ्यात लढाया, शर्यती, सरकत जाणारे देखावे बसवायचे, तर टीव्हीच्या चालीशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाल (सेकंदाला ५० चित्रांच्या) टीव्ही पद्धतीच्या कमोडोरमध्ये एका चित्राला ३१२ ओळी, प्रत्येक ओळीला प्रोसेसरचे ६३ ठोके, आणि असं चित्र सेकंदाला ५० वेळा. ट्यूबमधला इलेक्ट्रॉन किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली धावत असतो, आणि आत्ता तो नेमक्या कोणत्या ओळीवर आहे हे चित्राची चिप, म्हणजे व्हिक-२, प्रोग्रामला सांगू शकते. सगळी किमया या एका सोयीत आहे. चिपला एका वेळी ८ स्प्राइट येतात. स्प्राइट म्हणजे मागच्या देखाव्याला धक्का न लावता फिरवता येणारी छोटी आकृती. पण किरण पहिल्या आकृत्या रंगवून खाली सरकला की त्याच ८ स्प्राइटना खालची जागा द्यायची, आणि किरण तिथे पोचला की त्या पुन्हा उमटतात. पडद्यावर २४ शत्रू दिसतात, यंत्राकडे मात्र ८च असतात. त्यात आणखी अडचण अशी की अक्षरांची नवी रांग सुरू होते त्या दर आठव्या ओळीला व्हिक-२ मेमरीतून माहिती घेण्यासाठी प्रोसेसरला ४० ठोक्यांहून जास्त काळ थांबवून ठेवते. प्रोग्रामर तिला ‘बॅड लाइन’ म्हणत, आणि तिचा हिशेब धरून कोड लिहीत.

याच्याही आधीचं, १९७७चं अटारी २६०० हे गेम खेळायचं यंत्र तर आणखी टोकाचं. रॅम १२८ बाइट. संपूर्ण चित्र साठवायला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ किरण तिथे पोचण्याच्या क्षणी तयार करायची. ओळीला ७६ ठोके. त्यात डेव्हिड क्रेनने १९८२च्या ‘पिटफॉल!’मध्ये २५५ पडद्यांचं जंगल उभं केलं. ते जंगल कुठेही साठवलेलं नाही. ८ बिटांची एक संख्या ठरलेल्या नियमाने सरकवायची आणि तिच्या बिटांवरून ठरवायचं की इथे खड्डा, इथे मगरी, इथे शिडी. उजवीकडे गेलात की संख्या एका दिशेने सरकते, डावीकडे गेलात की उलट, म्हणून परत आल्यावर तीच जागा सापडते. दोन वर्षांनी बीबीसी मायक्रोवर डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी ‘एलीट’मध्ये असंच केलं: ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि सगळ्यांची नावं, बाजारभाव, सरकारं काही थोड्या आकड्यांतून दर वेळी नव्याने उगवणारी. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो आजही तसाच होतो.

म्हणजे त्या गेमचा ताल हा टीव्हीचाच ताल होता. आता तुमच्या लॅपटॉपकडे बघा. त्याचा पडदा बहुतेक सेकंदाला ६० वेळा बदलतो. गेम ५० चित्रं देतो. ५० चित्रं ६० घरांत बसवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. मागचा देखावा सरकत असताना तो सेकंदाला १० वेळा अडखळतो. डोळ्याला दोष नेमका सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. लोण्यासारखं सरकणारं दृश्य हा कमोडोर ६४चा अभिमान होता. व्हिक-२मध्ये एकेक पिक्सेलने देखावा सरकवायची खास सोय होती. तीच गोष्ट एम्युलेटरमध्ये सगळ्यात आधी हरवते. उपाय सोपा आहे: पडद्याची सेटिंग ५० हर्ट्झवर आणा, किंवा रिफ्रेश बदलत ठेवू शकणारा मॉनिटर वापरा. एवढ्या एका बदलाने ‘अरे, हाच तो गेम’ असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. गेम अमेरिकन एनटीएससी पद्धतीचा असेल तर मात्र ६०च ठेवा. पालसाठी लिहिलेला गेम ६०वर पळवला की संगीतासकट सगळं घाईत सुटतं. उलट, त्या काळात ५० हर्ट्झच्या देशांत विकले गेलेले कितीतरी जपानी कन्सोल गेम सुमारे १७ टक्के संथ चालत, आणि खेळणाऱ्यांना ते ठाऊकही नसे.

दुसरं, हाताचा आणि पडद्याचा ताळमेळ. खऱ्या यंत्रावर जॉयस्टिक ही फक्त पाच स्विचांची पेटी असते. स्विच दाबला की सीआयएच्या रजिस्टरमधला एक बिट बदलतो, गेम तो दर चित्राला एकदा वाचतो, आणि पुढच्या चित्रात तुमचा माणूस उडी मारतो. किरण ते लगेच ट्यूबवर उमटवतो. सगळं मिळून एक-दोन चित्रं, म्हणजे २० ते ४० मिलिसेकंद. लॅपटॉपवर यूएसबी, ऑपरेटिंग सिस्टीम, एम्युलेटरचा बफर आणि टीव्ही जोडला असेल तर त्याचं चित्र-सुधारणेचं काम, प्रत्येक जण आपला थोडा थोडा वेळ घेतो. बेरीज १०० मिलिसेकंदांवर सहज जाते. १९८३चा ‘मॅनिक मायनर’ घ्या, त्यात उडी एका पिक्सेलच्या अंदाजाने मारावी लागते. तिथे एवढा उशीर झाला की आपण मेलो, आणि मनात येतं, ‘आपला हात गेला.’ हात शाबूत आहे. टीव्हीचा गेम मोड चालू करा, ब्लूटूथऐवजी वायरचं कंट्रोलर घ्या, एम्युलेटरमधला ध्वनीचा बफर जमेल तेवढा लहान करा. काही एम्युलेटर पुढचं चित्र आधीच मोजून ठेवतात, ‘रन-अहेड’ नावाने. तेही वापरून बघा. आणि बाणांच्या बटणांवर हे गेम खेळू नका. नऊ पिनांची जुनी जॉयस्टिक यूएसबीला जोडणारं छोटं अडॅप्टर मिळतं. वर ढकलून उडी मारायची सवय मनगटात असते, बोटांत नव्हे.

तिसरं, चित्राचा पोत. पिक्सेल म्हणजे धारदार चौकोन, अशी आज समजूत आहे. ट्यूबवर ते कधीच तसे नव्हते. कमोडोर ६४च्या बहुरंगी मोडमध्ये पिक्सेल दुप्पट रुंद असतो, आडवे फक्त १६० मावतात. लॅपटॉपच्या पडद्यावर त्या विटा दिसतात. ट्यूबवर किरणाची कड मऊ असे, शेजारचे रंग एकमेकांत उतरत. पाल पद्धतीत तर वरच्या आणि खालच्या ओळीचा रंग मिसळूनच डोळ्यापर्यंत येतो, आणि हे ठाऊक असलेले चित्रकार एकाआड एक ओळीत दोन रंग टाकून १६ रंगांच्या पेटीतून सतरावा, अठरावा रंग काढत. सेगाच्या कन्सोलवरच्या, १९९१च्या ‘सोनिक द हेजहॉग’मधला धबधबा हे सगळ्यांना पटणारं उदाहरण. धारदार पडद्यावर तो उभ्या पट्ट्यांचा पडदा दिसतो. साध्या कॉम्पोझिट केबलने ट्यूबवर बघितला की पट्ट्या विरतात आणि मागचं दृश्य पाण्यातून दिसावं तसं दिसतं. रेखाटलेलं चित्र तेच आहे, पण ते पुरं होतं केबलमध्ये आणि ट्यूबमध्ये.

यावर शुद्धतावादी मंडळी म्हणतील, जुना ट्यूबवाला टीव्ही आणाच. मिळत असेल आणि ठेवायला जागा असेल तर जरूर आणा. त्याला तोड नाही, आणि लाइट गन वापरायची असेल तर दुसरा इलाजच नाही, कारण ती बंदूक किरणाचा क्षण ओळखूनच नेम ठरवते. पण तो टीव्ही उघडू नका. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या पुढे ताण असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ टिकू शकतो. हे काम शिकलेल्या माणसाचंच. तुमचा कमोडोर थेट आजच्या टीव्हीला जोडलात तर बहुधा निराशा होईल. अनेक टीव्ही त्या सिग्नलला एकाआड एक ओळींचं इंटरलेस्ड चित्र समजून जोडाजोडी करू लागतात. कडा दातेरी होतात, आणि दर दुसऱ्या चित्रात दाखवून ‘अर्धपारदर्शक’ केलेली सावली कधी पूर्ण दिसते, कधी गायब होते. यासाठी खास जुन्या सिग्नलकरता बनवलेला अपस्केलर लागतो. केबलही बघून घ्या: अँटेनाच्या तारेपेक्षा कॉम्पोझिट बरी, आणि यंत्राच्या व्हिडिओ सॉकेटला ८ पिना असतील तर उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी केबल सगळ्यात चांगली. ही सोय कमोडोरने स्वतःच्या मॉनिटरसाठी त्या काळातच दिली होती. एम्युलेटरवर राहायचं असेल तर ‘व्हाइस’ या कमोडोरच्या एम्युलेटरमध्ये पाल टीव्हीचा फिल्टर आहे. तो सुरू करा. मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर चांगला सीआरटी शेडर, म्हणजे ट्यूबच्या चित्राची नक्कल करणारा फिल्टर, ट्यूबच्या इतका जवळ जातो की रोजच्या खेळाला मी त्याबद्दल तक्रार करणार नाही.

आवाजाबद्दल मात्र मी जरा हळवा आहे. कमोडोर ६४ची सिड ही चिप बॉब यानेस यांनी आखली. तीन स्वर, प्रत्येकाला स्वतःचा चढ-उतार, आणि एक ॲनालॉग फिल्टर. हा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा वाजतो. म्हणजे दोन घरांतल्या दोन कमोडोरवर तेच संगीत अगदी सारखं वाजत नसे. शिवाय चिपच्या दोन पिढ्या: जुनी ६५८१ जाडसर, खरखरीत, नंतरची ८५८० स्वच्छ. ६५८१च्या आवाज-पातळीच्या रजिस्टरमध्ये एक दोष होता: पातळी बदलली की ‘टक्’ असा आवाज येई. प्रोग्रामरनी तोच दोष पकडून, पातळी झपाट्याने बदलत, ढोल आणि माणसाचा आवाजही वाजवला. ८५८०मध्ये दोष सुधारला आणि ते ढोल जवळजवळ ऐकू येईनासे झाले. तुमच्या वडिलांच्या यंत्रात कोणती चिप आहे ते झाकण उघडल्यावर वाचा आणि एम्युलेटरमध्ये तीच निवडा. तुमच्या कानात बसलेला सूर त्याच चिपचा आहे. ती जपा, बोर्डावर अदलाबदल करू नका, ६५८१ला १२ व्होल्ट लागतात आणि ८५८०ला ९.

आणि एक गोष्ट, जी सेटिंगमध्ये सापडत नाही. एम्युलेटरसोबत लोक हजारो गेमचं फोल्डर उतरवतात, प्रत्येक दोन मिनिटं बघतात आणि कंटाळतात. हे गेम तशा खेळण्यासाठी रचलेले नाहीत. तीन जीव, जिंकलेली जागा साठवायची सोय नाही, हरलात की पहिल्यापासून. ही कठोरता त्यांच्या रचनेचा कणा आहे. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ शत्रू असतात, आणि प्रोसेसर दर चित्राला एकालाच हलवू शकतो. जितके माराल तितकी रांग लवकर पुरी होते, म्हणून उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर येतात. यंत्राच्या मर्यादेतून आलेला तो ताण निशिकादोंनी तसाच ठेवला, आणि गेम जन्माला आला. ‘पॅक-मॅन’मधली चार भुतं यादृच्छिक फिरत नाहीत, एक थेट पाठलाग करतं, एक तुमच्या तोंडापुढच्या चार घरांचा नेम धरतं, एक पहिल्याची आणि तुमची जागा मिळून अंदाज बांधतं, आणि चौथं जवळ आलं की माघार घेतं. हे शंभर वेळा हरल्यावर कळतं, आणि कळलं की त्यात जीव रमतो. दर दहा सेकंदांनी स्थिती साठवून खेळणाऱ्याला ते कधी कळणारच नाही. म्हणून तीन गेम निवडा, स्थिती साठवायची सोय बंद करा, आणि महिनाभर तेच खेळा. निदान एकदा कॅसेट खऱ्या वेगाने लोड होऊ द्या.

कॅसेटच्या लोडिंगमध्येही तंत्र आहे. यंत्राच्या रॉममधली मूळ पद्धत प्रत्येक तुकडा टेपवर दोनदा लिहिते आणि सेकंदाला जेमतेम ५० बाइट वाचते. त्या वेळी पडदा कोरा होतो, कारण मघाशी सांगितलेल्या ‘बॅड लाइन’ टेपचे ठोके मोजण्यात व्यत्यय आणतात, म्हणून चित्राची चिप बंदच ठेवली जाते. पुढे गेम विकणाऱ्यांनी स्वतःचे टर्बो लोडर लिहिले. ते कैक पटींनी वेगवान, कडेला रंगीत पट्टे नाचवणारे, काही तर संगीत वाजवणारे. गेम सुरू होण्याआधी ऐकलेलं ते संगीत कित्येकांना गेमपेक्षा जास्त आठवतं.

आता पिशवीतल्या कॅसेटी. हे काम खरं तर यंत्राच्याही आधी हाती घ्या. छापील नावाच्या व्यावसायिक गेमची फार काळजी करू नका. त्यांतले बहुतेक हौशी संग्राहकांनी कधीच उतरवून ठेवले आहेत. जीव आहे तो कोऱ्या कॅसेटींमध्ये. त्या काळात मासिकांत प्रोग्राम छापून येत, पानंच्या पानं आकड्यांची. घरातलं कुणीतरी रात्री बसून ते टाइप करी. ‘कम्प्यूट्स गॅझेट’सारख्या मासिकांनी चूक पकडण्यासाठी ‘एमएलएक्स’ नावाचा सहायक प्रोग्रामही दिला होता, कारण एक आकडा चुकला की यंत्र गोठे. टाइप करता करता लोक बदल करू लागत: ‘पोक ५३२८०,०’ लिहिलं की पडद्याची कड काळी होते, हे कळलं की पुढचा पत्ता ५३२८१ करून बघायचाच. अशा टाइप केलेल्या, बदललेल्या किंवा पूर्ण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची जगात दुसरी प्रत नसते.

आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड होणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, बाजूला ठेवा. टेपवर दाब देणारी छोटी फेल्टची गादी निघाली असेल तर टेप दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात हलवा. डेटासेटऐवजी चांगल्या स्थितीतला कॅसेट डेक वापरा. डेटासेटमधला रबरी पट्टा सैल झालेला किंवा चिकट डांबरासारखा विरघळलेला असण्याची शक्यता मोठी. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आवाज कमी करणारी सगळी बटणं बंद ठेवा, आणि कॉम्प्युटरवर ४४.१ किलोहर्ट्झला डब्ल्यूएव्ही फाइल करा. एमपी३ नको, ती जे फेकून देते त्यातच तुमचे बिट असतात. वाजवताना आवाज बोदा वाटला तर हेडजवळचा तिरकेपणाचा स्क्रू किंचित फिरवा. आवाज सर्वांत तीक्ष्ण होईल ती जागा बरोबर. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याचं हेड जसं तिरपं असेल, तसंच वाचताना लागतं, त्यामुळे प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करावं लागू शकतं. दोन्ही बाजू पूर्ण उतरवा, मध्ये शांतता आली तरी थांबू नका. एका कॅसेटवर पाठोपाठ पाच-सहा प्रोग्राम असणं नेहमीचंच.

मग ती फाइल टॅप स्वरूपात बदलून एम्युलेटरमध्ये लोड करा. ‘रन’ करण्याआधी ‘लिस्ट’ टाइप करा, आणि ओळी फार वेगाने सरकल्या तर कंट्रोलचं बटण दाबून ठेवा. यादी संथ होते. सुरुवातीच्या ‘रेम’च्या, म्हणजे शेरा लिहायच्या, ओळी नीट वाचा, नाव आणि तारीख लिहायची जागा तीच असे. व्हाइससोबत ‘पेटकॅट’ नावाचं एक साधन येतं. त्याने तो सगळा प्रोग्राम साध्या मजकुरात उतरवून घ्या, आणि वडील विचारायला जवळ असतील तर त्यांना तो छापून दाखवा. कोणती ओळ मासिकातली आणि कोणती त्यांची, हे तेच सांगू शकतील. डब्ल्यूएव्ही फाइल मात्र पुसू नका. उद्या अधिक चांगलं डीकोडर आलं, तर आज वाचता न आलेला तुकडा तिच्यातून निघेल.